हलगी कुणाच्या बाजूनं

सप्टेंबरातल्या पहिल्या मॅचला मी हॉलमध्ये शिरलो, खाली कोर्टवर बघितलं आणि आधी वाटलं, आपण चुकीच्या दारानं आत आलो. जर्सी आमचीच होती, हिरवी-पांढरी. आत माणसं भलतीच. आमचा लेबनीज कॅप्टन दिसेना, तो ताडमाड नायजेरियन दिसेना, लांबून धडाधड बास्केट टाकणारा फिलिपिनो दिसेना. त्यांच्या जागी जी पोरं उड्या मारत होती ती मी जन्मात बघितली नव्हती. बायकोला कोपरानं ढोसून विचारलं, आज दुसऱ्याच कुणाची मॅच आहे का. तिनं बोट दाखवलं. बेंचच्या टोकाला आमचा मुलगा बसला होता, बुटाची नाडी आवळत. म्हणजे हॉल बरोबर होता. मग बाकीची टीम गेली कुठं?

मी शारजात एका एसी मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर आहे, राहायला अजमानला. मूळचा कोल्हापूरकडचा. मुलगा इथंच जन्मला, इथंच वाढला, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देतो. शारजातल्या एका युनिव्हर्सिटीत शिकतो आणि तिथल्या टीममधून बास्केटबॉल खेळतो. बॉल पुढं आणून खेळ चालवणारा जो गडी असतो, पॉइंट गार्ड म्हणतात, तो. पहिलं वर्ष संपता संपता पहिल्या पाचात आला होता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरगा खेळतोय म्हटल्यावर गेलो, आणि गेलो तो हलगी घेऊनच गेलो.

हलगीचं सांगायला पाहिजे. माझे वडील कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवायचे. जोड भिडली की हलगी अशी कडाडायची की बघणाऱ्याच्याही मांड्या फुरफुरायच्या. माझ्याही हाताला तेच वळण लागलं. इथल्या मंडळाच्या शिवजयंतीसाठी मी गावाकडून एक हलगी कपड्यांच्या बॅगेत घालून आणली होती, चामड्याच्या जागी प्लास्टिकचं पान बसवलेली. ती घेऊन पहिल्यांदा हॉलवर गेलो तेव्हा दारातल्या पठाण सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. हे काय आणि आत कशाला, त्याला कळेना. मी तिथंच पॅसेजमध्ये दोन हात वाजवून दाखवले. तो हसला आणि बाजूला झाला. पुढं पुढं तर उशीर झाला की तोच विचारायचा, ढोलवाले भाई, आज इतनी देर?

त्या पहिल्या वर्षी काय मजा आली म्हणून सांगू. आमची बास्केट पडली की छोटा ठेका. आणि समोरच्या टीमला फ्री थ्रो मिळाला की खरा खेळ. फाउल झाला की ज्याच्यावर झाला त्याला मोकळा बॉल टाकायला देतात, मध्ये कुणी आडवं येत नाही. अशा वेळी घरच्या लोकांनी बोंब मारून त्याचं चित्त उडवायचं, ही त्या खेळातली रीतच आहे. इथली पोरं आपली हू हू करायची. मी हलगी कडकडवली आणि पहिल्याच बिचाऱ्याचा बॉल रिंगला सुद्धा लागला नाही. तेव्हापासून मी त्या पोरांचा अंकल झालो. इजिप्तची, केरळची, सुदानची पोरं माझ्या मागं उभी राहून त्याच तालावर पाय आपटायची. "यल्ला अंकल" म्हणजे चला अंकल, असं कुणी ओरडलं की माझे हात आपोआप सुटायचे. मी आयटीआयवाला, कॉलेजची पायरी चढलो नाही, पण त्या एका वर्षात ती युनिव्हर्सिटी माझी झाली. मॅच झाली की पोरं आमच्या घरी जेवायला यायची. तो नायजेरियन पांढरा रस्सा वाटीनं नाही, भांड्यानं प्यायचा. लेबनीज कॅप्टन बायकोला किचनमध्ये कांदा चिरून द्यायचा. माझ्या पोराला खेळ त्यानंच शिकवला, धाकट्या भावासारखा सांभाळून.

आणि आता यातला एकही नाही. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी पोराला विचारलं, काय झालं, भांडणं झाली का, फेल झाले का सगळे. तो मोबाइल बघत शांतपणे सांगायला लागला. कॅप्टन आणि नायजेरियन अबुधाबीच्या एका युनिव्हर्सिटीत गेले, तिथं कोच चांगला आहे, फी माफ आहे. फिलिपिनो दुबईला गेला. एक जण तर थेट अमेरिकेला. झालेले विषय नवीन कॉलेजात धरतात, त्यामुळे अभ्यासाचं वर्ष वाया जात नाही. अमेरिकेत म्हणे दर उन्हाळ्यात अर्धी अर्धी टीम अशी उठून जाते, पोर्टलवर नाव टाकायचं की चार कॉलेजं फोन करतात. आता ते वारं इथंही आलंय. आमच्या टीममध्ये आलेली नवी पोरंही कुठून तरी उठूनच आलेली. मी म्हटलं, आणि तुला हे कधीपासून माहीत होतं? तर म्हणाला, जूनपासून. इट्स नॉर्मल, पप्पा.

नॉर्मल. माझं टाळकंच सटकलं. आमच्याकडं एखादा पैलवान एक तालीम सोडून दुसऱ्या तालमीत गेला तर त्याला त्या गल्लीतनं जायची चोरी. वस्तादाच्या समोरनं जाताना मान वर व्हायची नाही. त्याच्या आईला नळावर बायका टोमणे मारायच्या. आणि इथं माझ्या घरी जेवून, माझ्या सोफ्यावर झोपून, कॅप्टन नावाचा माणूस जाताना एक फोन करत नाही? बायको म्हणाली, त्यानं मला मेसेज केला होता, तुम्ही चिडाल म्हणून सांगितलं नाही. मी हबकून तिच्याकडं बघत राहिलो. मागनं हॉर्न वाजले तेव्हा कळलं की सिग्नल सुटलाय.

नव्या पोरांचं काय सांगावं. खेळायला वाईट नव्हती, उलट चांगलीच होती. पण त्यांना आमचं सोयरसुतक नव्हतं. एक जण मॅचनंतर माझ्याकडं आला. मला वाटलं, हलगी आवडली असेल. मी कंपनीचा टी-शर्ट घालून आलो होतो, तो बघून त्यानं विचारलं, चेंजिंग रूमचा एसी गळतोय, कधी बघणार. मी बघून दिला, सवयीनं. ड्रेनचा पाइप तुंबला होता. पण घरी येईपर्यंत मला हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना.

बघणाऱ्यांचंही तसंच झालं. आमच्या शेजारी बसणारे मल्याळी आईबाप यायचे बंद झाले, त्यांचा मुलगा गेला, ते गेले. पाय आपटणारी निम्मी पोरं कमी झाली. उरली ती जर्सीच्या पाठीवरचं नाव वाचून वाचून ओरडायची. त्यातली एक मुलगी मागच्या वर्षी गालावर हिरवा रंग लावून यायची. ती मला पार्किंगमध्ये भेटली, अंगात अबुधाबीवाल्यांचा निळा टी-शर्ट, पाठीवर आमच्या जुन्या कॅप्टनचा नंबर. शनिवारी मॅच बघायला अबुधाबीला चाललेय म्हणाली. मी विचारलं, अगं तू शिकतेस इथं आणि टाळ्या तिथं? तर म्हणते कशी, अंकल, मी त्याची फॅन आहे, बिल्डिंगची नाही. बरोबर बोलत होती की चूक, हे मला सांगता येईना.

मी मात्र ठरवलं, आपण हलायचं नाही. पोरं येतील जातील, हिरवी जर्सी तीच आहे. कोचही तोच होता, एक गंभीर चेहऱ्याचा इजिप्शियन माणूस. त्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की या हॉलमध्ये माझी हलगी वाजणार म्हणजे वाजणार. त्यानं माझा हात दोन्ही हातात घेतला. इन्शाल्ला, अंकल, म्हणाला.

पण झालं असं की बाहेरून आलेल्यांत एक पॉइंट गार्ड होता, आणि तो माझ्या पोरापेक्षा दांडगा होता. पोरगा बेंचवर बसला तो बसलाच. मी वर बसून हलगी बडवतोय आणि पोरगा खाली टॉवेल मांडीवर घेऊन बसलाय, असं कितीतरी मॅचना झालं. कधी शेवटची दोन मिनिटं पाठवायचे, मॅच आधीच हातातून गेलेली किंवा जिंकलेली असताना. घरी तो बोलायचा बंद झाला. ताटातलं निम्मं तसंच. बायको म्हणाली, पोरगं वाळत चाललंय. मी म्हटलं, वाळू दे, आमच्याकडं पोरं वर्षानुवर्षं तालमीची माती उकरतात तेव्हा कुठं जोड मिळते. त्याला सांगितलं, जागा सोडायची नाही, धीर धर. तो "ओके" म्हणाला. त्याचा ओके म्हणजे काय, मला त्या वेळी कळायला पाहिजे होतं.

डिसेंबरात एका शुक्रवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. त्यानं भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि खायच्या आधी म्हणाला, पप्पा, मी जानेवारीपासून अबुधाबीला जातोय. तिथल्या टीमसाठी. जुन्या कॅप्टननं त्यांच्या कोचशी बोलणं करून दिलं होतं. कागदपत्रं झाली होती, हॉस्टेल मिळालं होतं, पुढच्या सेमपासून खेळायलाही मिळणार होतं. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं, स्वतःच्याच डायनिंग टेबलवर. आणि वर हे की बायको न दचकता रस्सा वाढत होती. म्हणजे हिलाही ठाऊक.

मी आवाज चढवला. दीड वर्ष ज्यांनी खेळवलं त्यांना सोडून चाललास, लाज वाटते का, असं बरंच काही बोललो. शेवटी मी म्हटलं, "मग मी कुणाची हलगी वाजवायची रे?"

"ते तुम्ही ठरवा, पप्पा. मला खेळायचंय. बसून राहायचं नाही मला."

मराठीत बोलला, चक्क. इतकं सरळ मराठी मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी ताटावरून उठलो.

तो गेला. त्याची खोली बघवेना म्हणून दार लोटून ठेवलं. आणि त्याच आठवड्यात इजिप्शियन कोचचा फोन आला. मुलाबद्दल एक शब्द वाकडा बोलला नाही. एवढंच विचारलं, अंकल, तुम्ही तरी येणार ना? मी रागात होतो. पोरानं सोडलं म्हणून बापही सोडतो असं कुणी म्हणायला नको, हे डोक्यात घट्ट बसलं होतं. येणार म्हणालो, सगळ्या मॅचना येणार. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, सगळ्या म्हणजे अबुधाबीच्या टीमविरुद्धच्या सुद्धा? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसलोय. ती म्हणाली, "शब्द त्या कोचला दिलात. मग पोटच्या पोराला काय देणार?" मी तिलाच गप्प बस म्हटलं.

मार्चमध्ये ती मॅच आली. अजमानहून आम्ही नवरा-बायको गाडीनं अबुधाबीला निघालो. तिनं पोरासाठी डबा केला होता, तो मांडीवर घट्ट धरून बसली होती. हॉलच्या दारात पोचलो, आणि ती सरळ उजवीकडं गेली, निळ्या लोकांत. माझ्यासाठी डावीकडं जागा धरली होती, शारजाहून बसनं आलेल्या पोरांनी. मी त्यांच्यात जाऊन बसलो. समोर कोर्टच्या पलीकडं माझी बायको, खाली निळ्या जर्सीत माझा मुलगा, आणि मी हिरव्यांत. असलं काही बघायची वेळ आपल्यावर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं, त्याच्याकडं बघायचंच नाही. बघितलं की हात थांबणार. म्हणून मी सबंध मॅच स्कोअरबोर्डवर डोळे लावून बसलो. आकडे बदलले की कळायचं काय झालं. आमचे वाढले की ठेका. त्यांना फ्री थ्रो मिळाला की बोर्डाखालचा पंच हात वर करायचा, आणि मी कडकडाट सुरू करायचो. टाकणारा कोण, मान वळवून बघायचंच नाही. पहिल्या हाफमध्ये सगळं नीट गेलं. पोरं माझ्या खांद्यावर थापा मारत होती. मधेच पलीकडच्या लोकांनी एकदम कुणाचं तरी नाव घेऊन आरडाओरडा केला, ते माझ्या पोराचं नाव होतं. मी ऐकलं नाही असं केलं.

शेवटी शेवटी आम्ही एका पॉइंटनं पुढं होतो आणि घड्याळात काही उरलं नव्हतं. शिट्टी वाजली. पंचानं हात वर केला, दोन बोटं दाखवली. निळ्यांना दोन फ्री थ्रो. दोन्ही पडले की ते जिंकले. मागनं पोरं ओरडली, यल्ला अंकल. माझे हात सुटले. मला वाटतं मी इतकी जोरात हलगी कधीच वाजवली नव्हती. वाजवता वाजवता समोरच्या बाजूला कुणी तरी उभं राहिलेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. बायको होती. ओरडत नव्हती, हात हलवत नव्हती. नुसती उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं.

लाइनवर माझा मुलगा होता. बॉल त्याच्या हातातून सुटला होता. रिंगवर आपटला, वर उडाला, बाहेर पडला.

आमच्या बाजूला एकच जल्लोष झाला. माझ्या पाठीवर बुक्के पडत होते, कुणी तरी माझं डोकं कुरवाळलं, अंकल यू आर द बेस्ट. पोटच्या पोरावर मी हलगी वाजवली होती, आणि त्याचा बॉल चुकला होता.

दुसरा बॉल त्याच्या हातात दिला. मी हलगी मांडीवर पालथी घातली. मागची पोरं विचारायला लागली, अंकल काय झालं, वाजवा. मी मान हलवली. अंकलच थांबला म्हटल्यावर ती पोरंही गडबडून गप्प झाली. तो सबंध कोपरा शांत झाला. आणि कोर्टवरून माझ्या मुलानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पहिल्या बॉलला नव्हतं बघितलं, आत्ता बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लांबून वाचता आलं नाही. मग त्यानं बॉल टाकला. तोही बाहेर गेला. उडालेला बॉल हिरव्यांतल्या एकानं धरला आणि मॅच संपली. हिरवे जिंकले. माझी टीम जिंकली.

गर्दी पांगली तेव्हा खाली उतरलो. बायको त्याला डबा देत होती. जुना कॅप्टन त्याच्या गळ्यात हात टाकून उभा होता, मला बघून "अंकल" म्हणाला आणि बाजूला सरला. मला पोराची माफी मागायची होती. मैदानात मोठ्या माणसानं कशी माफी मागायची ते मला येत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मला दिसला नाहीस रे. खरंच दिसला नाहीस."

"पहिला माझा चुकला," तो म्हणाला. "गोंगाट सगळीकडंच असतो. त्याचं काही नाही."

मला वाटलं, सुटलो. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"दुसऱ्याला का थांबलात? सगळे वाजवत असतात, मी ऐकतच नाही. तुम्ही थांबलात म्हणून मी बघितलं. दुसरा तुमच्यामुळे गेला, पप्पा."

मी हलगी पाठीमागं धरली.

"माझ्यावर दया करायला येऊ नका. यायचं तर वाजवायचं, शेवटपर्यंत. माझ्यावर सुद्धा."

तिकडून त्याच्या टीममधलं कुणी तरी यल्ला, यल्ला करत हाका मारत होतं, बस निघायची होती. त्यानं डबा काखेत धरला, आईच्या पाया पडला, माझ्याही पडला, आणि पळाला. बायकोनं माझ्यापुढं हात केला, गाडीची किल्ली मागितली. तिनं आजवर कधी हायवेला गाडी चालवली नव्हती, पण त्या दिवशी स्टिअरिंगवर तीच बसली.